कापड धरायचं कुणी? शिलाई मशीनची पावणेदोनशे वर्षं अर्धी राहिलेली गोष्ट

ज्यांना ऑफिसमध्ये इयरफोन न लावता गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवातीला एक छोटं काम करा. अंगातल्या टी-शर्टाचा खालचा काठ उलटा करून बघा. सरळ, एकसारखी, बारीक टाक्यांची शिवण दिसेल. ती मशीनने घातलेली आहे, हे सांगायला नको. पण ती घातली जात असताना कापड मशीनखाली कुणी सरकवलं? जवळजवळ नक्की एखाद्या माणसाने. बहुतेक वेळा बाईने. टी-शर्ट दोनशेचा असो नाहीतर चार हजारांचा, फरक नाही.

फोन चेहरा ओळखतो, गाड्यांचे सांगाडे रोबो जोडतात. मग एक चिंधी उचलून सुईखाली ठेवायला अजून माणूस का लागतो? हा प्रश्न मी पुस्तकात वाचला नाही. त्याच्यावर माझं पहिलं प्रोजेक्ट आपटलं.

माझी फजिती

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या गल्लीत झोप लागायची ती मागांच्या खडखडाटात. लाइट गेली आणि माग थांबले की जाग यायची. आई आधी एका रेडिमेड युनिटमध्ये शर्टाच्या कॉलर लावायची, आता घरी ब्लाउज शिवते. बीटेक झाल्यावर मी पुण्यात एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत लागले. कामाचं स्वरूप ऐकून मला वाटलं, आठ दिवसांत होईल. शर्टाच्या खिशाचे कापलेले तुकडे गठ्ठ्यात ठेवलेले असतात. त्यातला वरचा एक तुकडा रोबोने उचलायचा आणि मशीनपाशी ठरलेल्या जागी, ठरलेल्या कोनात ठेवायचा. बस. कॅमेऱ्याचा कोड माझ्याकडे होता.

सात महिने गेले. व्हॅक्युमने उचलायला गेलो तर हवा विणीतून आरपार जायची आणि खालचे दोन तुकडेही बरोबर यायचे. बारीक सुयांनी उचललं तर तुकडा एकच यायचा, पण ठेवताना सुटायचा नाही. सुटलाच तर कोपरा दुमडायचा. पावसाळा लागला आणि हवेत ओल आली, तेव्हा मे महिन्यात चालणारं सेटिंग जुलैत चालेना. क्लायंटसमोरच्या डेमोत रोबोने एकदम चार तुकडे उचलले आणि अर्ध्या वाटेत एक खाली टाकला. तो तुकडा माझ्या चपलेवर पडला होता, हे अजून आठवतं.

रात्री आईला फोन केला. ती आधी हसली. मग म्हणाली, "अगं, कोपरा चुरगाळला का आधी? गठ्ठा नुसता उचलायचा नसतो. अंगठ्याने कोपरा मागं सारायचा, पत्त्यासारखा पिसायचा, फुंकर मारायची. मग एक सुटतं."

तिने एका वाक्यात सांगितलेली गोष्ट जगाने किती वर्षं शोधली, ते शोधायला मी त्या रात्री बसले. आजचा एपिसोड त्यातूनच आलाय.

सुई सुटली, कापड अडलं

आपल्याला शाळेत शिकवतात की सुईचं भोक टोकाकडे नेलं आणि शिलाई मशीन जन्माला आलं. खरंय, पण अर्धंच.

फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये मशीनचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये त्याच्या सुमारे ८० मशीनवर सैन्याचे गणवेश शिवले जात होते. १८३१ मध्ये पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांचा जमाव आत घुसला आणि मशीन फोडून टाकली. तिमोनिए १८५७ मध्ये गरिबीत वारला. म्हणजे या गोष्टीत 'मशीन आलं तर आम्ही कुठं जायचं' हा प्रश्न पहिल्याच पानावर आहे. तो लक्षात ठेवा, मला तो पुढे समोरासमोर विचारला गेला.

आता अमेरिका. एलियस होवे याने १० सप्टेंबर १८४६ ला पेटंट मिळवलं. त्याच्या आदल्या वर्षी बॉस्टनच्या क्विन्सी हॉलमध्ये त्याने पैज लावली होती. पाच शिवणाऱ्या मुलींसमोर प्रत्येकी एक शिवण, आणि त्याच्या एकट्याच्या मशीनसमोर पाच. होवे आधी उठला. मिनिटाला अडीचशे टाके! तरी एकही मशीन विकलं गेलं नाही. किंमत जास्त होती आणि शिंप्यांची भीती होतीच. पण मला रस आहे तो तिसऱ्या अडचणीत, जिच्याबद्दल कमी बोललं जातं.

होवेच्या मशीनमध्ये कापड टेबलावर पसरत नव्हतं. ते एका धातूच्या पट्टीला लावलेल्या टाचण्यांवर उभं टांगायचं. पट्टी पुढे सरकायची आणि तिच्याबरोबर कापड. पट्टी संपली की मशीन थांबवा, कापड टाचण्यांवरून काढा, पट्टी मागे घ्या, कापड परत टोचा, मग पुढचा टप्पा. शिवण सरळच हवी. गोल मुंढा, वळणदार कॉलर, विसरा.

त्याने असं का केलं असेल? माझ्या मते, कारण त्याला कापडावर भरवसा नव्हता. ढिलं कापड कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून त्याने ते आधी पट्टीला बांधून टाकलं. लवचीक गोष्टीला थोडा वेळ ताठ केलं. या युक्तीला आपण 'बांधून घ्या' म्हणू. ती पुढे परत भेटणार आहे.

दुसरी युक्ती आली १८५० च्या दशकात. आयझॅक सिंगर याचं १८५१ चं पेटंट: सुई उभी, खाली आडवं टेबल, वरून कापड दाबणारा पाय आणि खालून कापड सलग पुढे नेणारं खरबरीत चाक. पट्टी गेली, थांबणं गेलं. मग अ‍ॅलन विल्सन याने १८५४ मध्ये चाकाच्या जागी दात आणले. ते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बुडतात आणि मागे परततात. या चार हालचाली, परत परत. घरी मशीन असेल तर पाय उचलून बघा, तेच दात आजही आहेत. दात खाली गेले की क्षणभर कापड मोकळं असतं आणि त्या क्षणात शिवणारी व्यक्ती ते वळवू शकते. गोल शिवण शक्य झाली ती यामुळे.

पण इथे एक तडजोड झाली. मशीनने कापडाचा फक्त सुईजवळचा छोटासा भाग सांभाळायचं कबूल केलं. उरलेलं सगळं, म्हणजे उचलणं, जुळवणं, वळवणं, चुणी पडली की सोडवणं, हे माणसाच्या हातावर सोडून दिलं. दातांमुळे खालचा थर पुढे जातो आणि वरचा किंचित मागे राहतो, तोही फरक हातानेच मिटवायचा. ही तडजोड १८५४ मध्ये झाली आणि आपण अजून तिच्यातच जगतोय. आजचं कारखान्यातलं मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालतं. पण या धंद्यात नेहमी सांगितला जाणारा अंदाज असा, की कामगाराच्या वेळेपैकी सुई चालते तो जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी वेळ कापड हाताळण्यात जातो. वेग वाढवला तो त्या पाचव्या हिश्शाचा.

माग जमला, मग शिलाई का नाही?

इचलकरंजीच्या मुलीला हा प्रश्न पडणारच. विणकाम तर कधीच यंत्रावर गेलं. एडमंड कार्टराइटचं यंत्रमागाचं पहिलं पेटंट १७८५ चं, म्हणजे शिलाई मशीनच्याही आधीचं. मग विणणं सोपं आणि शिवणं अवघड का?

उत्तर आमच्या गल्लीतच होतं. मागावर सूत कायम ताणलेलं असतं. बीमवर ताण, विणलेल्या कापडावर ताण, रोल होईपर्यंत ताण. ताणलेल्या धाग्याची जागा ठरलेली असते आणि यंत्राला ठरलेली जागा आवडते. कात्री लागली की तो ताण संपतो. हातात येतो एक तुकडा, ज्याला स्वतःचा आकारच नाही. तो उभ्या धाग्यात कमी ताणला जातो, आडव्यात थोडा जास्त आणि उरेब धरला तर रबरासारखा. स्वतःच्याच वजनाने तो लोंबतो. शेजारच्या तुकड्याला चिकटतो. लोखंडी भाग रोबोने एका टोकाला धरला तर दुसरं टोक कुठे असेल ते गणिताने कळतं. कापडाचं दुसरं टोक कुठे असेल ते बघावं लागतं, आणि बघेपर्यंत ते हललेलं असतं.

हे मोजायचा सगळ्यात सुंदर प्रयत्न जपानमध्ये झाला. क्योटो विद्यापीठाचे सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात कापडाचा 'हात', म्हणजे स्पर्श, आकड्यांत मांडायचं ठरवलं. त्यांनी सुरुवात केली ती अनुभवी कारागिरांना एकत्र बसवून. कापड चिमटीत धरून ते जे शब्द वापरायचे, कोशी म्हणजे ताठरपणा, नुमेरी म्हणजे मऊ गुळगुळीतपणा, फुकुरामी म्हणजे भरीवपणा, त्यांचे अर्थ पक्के केले. मग ताण, वाक, तिरपा ओढ, दाब आणि पृष्ठभाग मोजणारी यंत्रं बनवली. बोटांना आधीच माहीत असलेल्या गोष्टीला १६ आकडे लागले.

सरकारं उतरली मैदानात

१९८० च्या आसपास श्रीमंत देशांना जाणवलं की कपड्यांचा धंदा हातातून चाललाय. शिवायला माणूस लागतो, तर जिथे माणूस स्वस्त तिथे धंदा जाणार. म्हणून त्यांनी इंजिनिअर कामाला लावले.

अमेरिकेत हार्वर्डच्या जॉन डनलॉप आणि फ्रेड अ‍ॅबरनॅथी यांच्या पुढाकाराने उद्योग आणि कामगार संघटना एकत्र आल्या आणि काम दिलं ड्रेपर प्रयोगशाळेला. ही तीच मंडळी, ज्यांनी अपोलो यानाचा मार्गदर्शक कॉम्प्युटर बनवला होता. चंद्रावर माणूस नेणाऱ्यांना काम काय दिलं? पुरुषांच्या सुटाची बाही शिवणं. टेबल, कॅमेरा, घडी घालणारा यांत्रिक हात, असा सगळा थाट. प्रयोगशाळेत बाही शिवून दाखवलीही. पण कारखान्यांतून माणसं उठली नाहीत. पुढे त्या संस्थेचं नाव झालं ते शरीराचं माप घेणाऱ्या थ्रीडी स्कॅनरसाठी.

बाही कोटाला जोडणं तर त्याहून कठीण. बाहीचा वरचा गोल हा मुंढ्यापेक्षा मुद्दाम मोठा कापलेला असतो, म्हणजे खांद्याला गोलाई येते. हे जास्तीचं कापड चुणी न दिसू देता मुंढ्यात जिरवायचं असतं. माझ्या आईच्या भाषेत, 'कापडाला समजावून बसवायचं'. कॅमेऱ्याला आधी हेच कळत नाही की लांबीतला फरक ही चूक नसून डिझाइन आहे.

जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने १९८२ मध्ये स्वयंचलित शिलाईचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. तो दशकभर चालला. आणि ते साल ऐकून तुम्हाला काही आठवलं असेल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण मला ते शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. इकडे कापड विणणारा हात घरी बसत होता, तिकडे कापड शिवणारा हात नको म्हणून सरकार पैसे ओतत होतं.

जपानी प्रकल्पातून चांगले भाग मिळाले. सगळं स्वतः शिवणारा कारखाना मात्र मिळाला नाही. धंदा पुढे चीन, व्हिएतनाम, बांगलादेशात गेला. यंत्राला कापड धरता आलं नाही, म्हणून अख्खा उद्योग स्वस्त हात शोधत फिरत राहिला, असं मला वाटतं. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. इंजिनिअरिंगच्या एका न सुटलेल्या प्रश्नाचा हिशेब असाही लागतो. अर्थात त्या इमारतीत माणसं पाठवली ती माणसांनीच, कापडाने नाही.

दोन जुन्या युक्त्या, नवे कपडे

२०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीटर अबील यांच्या गटाने रोबोला टॉवेल घडी करायला शिकवलं. व्हिडिओ गाजला, तुम्हीही पाहिला असेल. तो ५० पट वेगाने दाखवलेला आहे. प्रत्यक्षात एका टॉवेलला लागायची सुमारे २५ मिनिटं. आई म्हणाली, "तेवढ्यात दोरीवर वाळतोय की तो!"

शिलाईत मात्र त्याच दोन युक्त्या परत आल्या. अटलांटातल्या सॉफ्टवेअर ऑटोमेशन या कंपनीने 'बघत राहा' हा रस्ता धरला. नावातला सॉफ्ट म्हणजे मऊ, वेअर म्हणजे कपडा. आपलं कोडिंगवालं सॉफ्टवेअर नाही. जॉर्जिया टेकचे स्टीव्ह डिकर्सन यांची ती कल्पना. २०१२ मध्ये तिला अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचा, दार्पाचा, पैसा मिळाला. वेगवान कॅमेरा कापडाची वीण, अक्षरशः धागे, बघत राहतो आणि कापड किती ताणलं गेलं, किती सरकलं ते त्यावरून ओळखतो.

दुसरा रस्ता 'बांधून घ्या'चा. २०१६ मध्ये सिएटलच्या जोनाथन झोर्नो याने सेवबो नावाने एक टी-शर्ट शिवून दाखवला. त्याने कापड पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये बुडवून पुठ्ठ्यासारखं कडक केलं. मग बाजारात मिळणाऱ्या साध्या रोबोच्या हाताने ते उचललं आणि मशीनमधून नेलं. शेवटी गरम पाण्यात धुतलं, ताठरपणा गेला, टी-शर्ट मऊ. हे वाचून मी हसले. होवेच्या टाचण्या गेल्या आणि खळ आली, इतकंच! आमच्याकडे सायझिंगवाले वेगळं काय करतात? मागावर तुटू नये म्हणून सुताला खळ देतात आणि विणून झाल्यावर धुऊन काढतात. अर्थात ज्या कापडाला पाणी चालत नाही तिथे हा रस्ता बंद.

आज बऱ्याच कारखान्यांत याच युक्तीचा साधा भाऊ काम करतो. खाच पाडलेल्या दोन प्लास्टिकच्या पत्र्यांमध्ये कापड दाबायचं आणि पत्रा मशीनला द्यायचा. मशीन खाचेतून शिवत जातं. कफ, खिसा, कॉलर होऊन जातं. पण पत्र्यात कापड नीट ठेवतं कोण? बरोब्बर.

ताई, आम्ही कुठं जायचं?

डेमोच्या आधी मी व्हिडिओ काढायला क्लायंटच्या युनिटमध्ये गेले होते. लाइनवरच्या एका मावशींच्या हातावर कॅमेरा लावला. त्या एका नजरेत सुलट-उलट ओळखायच्या, कोपरा पिसायच्या, एक तुकडा सुटायचा आणि सुईखाली जाईपर्यंत तो जुळलेलाही असायचा. फ्रेम-फ्रेमने बघूनही मला नेमकं कळलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, हे मशीन आलं की आम्ही कुठं जायचं?" मी म्हणाले, "नाही मावशी, हे फक्त मदतीला आहे." ते खरं नव्हतं. आमच्या प्रपोजलमध्ये 'चार कामगारांची बचत' असं लिहिलेलं होतं. ती ओळ मीच टाइप केली होती.

प्रोजेक्ट बंद पडलं आणि मावशींची जागा राहिली. याचं मला बरं वाटायला हवं होतं. पण तिथल्या हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे 'अर्धकुशल' लिहिलेलं मी पाहिलंय. अपोलोवाल्यांना, जपानच्या मंत्रालयाला आणि सात महिने मला जे जमलं नाही, ते काम अर्धकुशल.

या इतिहासातून मी एवढं शिकले. यंत्राला एखादं काम येत नाही म्हणून त्या कामाची किंमत आपोआप वाढत नाही. ते काम लाखो लोकांना येत असेल आणि ते लोक गरीब असतील, तर ते सोपंच समजलं जातं. किंमत ठरवतात ती माणसं, कापडाचा ताठरपणा नाही. आणि मशीन? ते येणार. आधी खिसा, मग कफ, मग साधा टी-शर्ट, एकेक तुकडा करत. तिमोनिएच्या वेळी शिंप्यांना कुणी आधी विचारलं नव्हतं. आपण निदान विचारू शकतो, आणि खोटं उत्तर देणं थांबवू शकतो. मी आता प्रपोजलमध्ये बचतीची ओळ आली की पुढे विचारते, वाचलेली माणसं कुठे जाणार. दरवेळी उत्तर मिळतं असं नाही. मीटिंगमध्ये शांतता मात्र दरवेळी होते.

परवा घरी गेले होते. आईने ब्लाउजची बाही लावायला घेतली होती. मी म्हटलं, शिकव मला. तासाभरात माझ्या बाहीला सात चुण्या पडल्या. आई म्हणाली, "ओढू नकोस. ते जातं तिकडं जाऊ दे, तू फक्त सोबत राहा." तिसऱ्या वेळी चुण्या तीनवर आल्या.

तर मंडळी, तुमच्या घरी, शेजारी कुणी शिवणकाम करत असेल तर त्यांना एक प्रश्न विचारा: गठ्ठ्यातून एक कापड कसं सुटं करता? उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला आपण ती ऐकू. भेटूच!